अरबी-इंग्रजी डायव्हिंग ॲप, मस्कत: कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२३, शुक्रवार

काम हातात आलं. मस्कतमधल्या एका डायव्हिंग सेंटरला बुकिंग, डाइव्हची नोंदवही आणि डाइव्ह साइट्सची माहिती एकाच ठिकाणी हवी आहे, अरबीत आणि इंग्रजीत. सध्या सगळा कारभार व्हॉट्सॲप आणि एका निळ्या रजिस्टरवर चालतो. मालक ओमानी आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "या उख्ती (म्हणजे ताई), आमची मुलं इंग्रजी वाचतात, पण जबाबदारीच्या कागदावर सही करताना अडखळतात. सही करायची ती आपल्या भाषेत."

मी मालवणची. पहिला डाइव्ह तारकर्लीला केला, मामा देवबागला बोट चालवतात, त्यामुळे पाणी नवीन नाही. अरबी मात्र दुकानांच्या पाट्या वाचण्याइतपतच येते. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढच्या निम्म्या चुका त्यातूनच होणार आहेत.

अंदाज: आठ आठवडे. बजेट: १,४०० रियाल, भाषांतर धरून. बेत: आधी सगळं इंग्रजीत बांधायचं, मग अरबीसाठी उलटवायचं, कारण ती उजवीकडून डावीकडे लिहितात.

८ नोव्हेंबर

मालकांनी हाताने लिहिलेलं दरपत्रक दिलं, आकडे अरबी. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. हे मला पुस्तकी ठाऊक होतं, पण लहानपणापासूनची सवय डोळ्यांत बसलेली असते. दायमानियात नावाच्या बेटांवरची दोन डाइव्हची ट्रिप ३५ ऐवजी ३० रियालला चढवली, साहित्याचं भाडं १५ ऐवजी १०. दोन तास खपून अख्खं दरपत्रक भरलं आणि संध्याकाळी मालकांनी फोनवर बघून विचारलं, की ही सवलत कुणी जाहीर केली?

टेस्ट सर्व्हर होता म्हणून निभावलं. मॉनिटरखाली दहा आकड्यांची पट्टी चिकटवली आहे. मराठी माणसाने अरबी आकडे वाचताना पाच आणि शून्य दोनदा बघावेत. इंग्रजी आकड्यांवर वाढलेल्याचंही शून्य गोलच, तोही घोटाळू शकतो; आपल्याला तर नक्की होतो.

१४ नोव्हेंबर

उलटवण्याचं काम सुरू. एचटीएमएलला (पान ज्या भाषेत बांधतात तिला) दिशा उजवीकडून डावीकडे दिली की अर्धं पान आपोआप वळतं. उरलेलं अर्धं माझ्या सीएसएसने, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या कोडने, अडवलं. मार्जिन-लेफ्ट, पॅडिंग-राइट, टेक्स्ट-अलाइन लेफ्ट असं २१२ ठिकाणी लिहून ठेवलं होतं. सगळं बदलून मार्जिन-इनलाइन-स्टार्ट, इनलाइन-एंड असं केलं, म्हणजे डावं-उजवं नाही, ओळीची सुरुवात आणि शेवट. दीड दिवस गेला. पहिल्या दिवसापासून असं लिहिलं असतं तर शून्य मिनिटं लागली असती.

आयकॉनचं वेगळंच. मागे जाण्याचा बाण उलटायला हवा. घड्याळ, बरोबरची खूण, व्हिडिओचं बटण उलटायचं नाही. मी शहाणपणा करून 'सगळी चित्रं आरशात' असा एकच नियम लावला. त्यात डाइव्ह साइटचे नकाशेही आले. फाहल बेटाची पश्चिमेकडची भिंत पूर्वेला गेली, होकायंत्रातला पूर्व पश्चिमेला, आणि बोट नांगरायची खूण बेटाच्या भलत्या बाजूला. बोटीच्या कॅप्टनने फोन हातात घेतला, एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. बोलले काहीच नाहीत.

(इथे बोटीच्या जुन्या कॅप्टनला नोखदा म्हणतात. आमच्याकडे नाखवा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एकदम मालवणच्या जेटीवर उभी आहे असं वाटलं.)

नियम उलटा केला: चित्र उलटवायचं नाही, आणि जे उलटवायचं त्याला हाताने खूण करायची. अशी खूण लागणारे आयकॉन अख्ख्या ॲपमध्ये अकराच निघाले.

२१ नोव्हेंबर

बुकिंगच्या पानावर साल १४४५ दिसतंय. तारखेसाठी कुठल्या तरी उदाहरणातून उचललेली 'अरबी, सौदी अरेबिया' ही सेटिंग ब्राउझरला थेट हिजरी, म्हणजे इस्लामी, कॅलेंडर दाखवायला लावते. 'अरबी, ओमान' केल्यावर इसवी सन आलं, पण आकडे अरबी झाले. आता प्रश्न असा की अरबी पानावर आकडे कोणते दाखवायचे?

मला वाटलं, अरबी पान म्हणजे अरबी आकडे, त्यात विचारायचं काय. तरी सेंटरवर येणाऱ्या नऊ ओमानी डायव्हर्सना विचारलं. सात जणांनी सांगितलं, की खोली, वेळ आणि दाब इंग्रजी आकड्यांत हवा. कारण सरळ आहे: मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर आणि सिलिंडरचा गेज दोन्ही तेच आकडे दाखवतात. पाण्याखाली जे वाचलं तेच वर येऊन लिहायचं तर मध्ये रूपांतर कशाला? पैशांबद्दल मात्र त्यांना काही फरक पडत नव्हता. ओमानी नोटेची एक बाजू अरबी असते, दुसरी इंग्रजी, दोन्हींची सवय आहे.

ठरलं: दाखवायचे ते इंग्रजी आकडे, लिहिताना माणूस जे लिहील ते स्वीकारायचं. या दुसऱ्या अर्ध्या वाक्याची किंमत पुढे कळली.

२८ नोव्हेंबर

वेळ वाचवण्यासाठी इंग्रजी मजकूर यंत्राकडून अरबीत करून घेतला होता आणि तपासायला एका बाईंना दिला. त्या शाळेत इंग्रजी शिकवतात, स्वतः डाइव्ह करतात, सेंटरवर सगळे त्यांना उस्ताजा म्हणतात. त्यांनी पहिल्याच पानावर पेन खाली ठेवलं आणि हसू आवरेना म्हणून बाहेर जाऊन आल्या.

'टू टँक डाइव्ह' (दोन सिलिंडर, दोन डाइव्ह) चं भाषांतर 'दोन दब्बाबा' झालं होतं. दब्बाबा म्हणजे रणगाडा. डाइव्हनंतर विमानप्रवासाआधी थांबायच्या वेळेचं (लगेच उडणं धोक्याचं असतं) शीर्षक वाचून हवाई हद्द बंद झाल्यासारखं वाटत होतं. म्हणजे आमच्या साइटवर लोक दोन रणगाडे घेऊन पाण्यात उतरणार आणि वर विमानं बंद.

सगळं फेकलं. उस्ताजांनी नव्याने लिहायला घेतलं, शब्दाला २० बैसा (१,००० बैसा म्हणजे एक रियाल) या दराने. ६,३०० शब्द, म्हणजे १२६ रियाल. यंत्राच्या मजकुरात घातलेले माझे चार दिवस वेगळे.

दुसरा वाद भाषेचाच. उस्ताजा शुद्ध शब्द लिहितात: सिलिंडरला उस्तुवाना, फिन्सना (पायात घालायच्या पंखांना) जआनिफ. बोटीवर मात्र कुणी उस्तुवाना म्हणत नाही, सरळ 'सिलिंडर' म्हणतात. मालकांना शुद्ध हवं, पोरांना बोटीवरचं. तोडगा असा: सहीच्या आणि सुरक्षेच्या कागदांवर शुद्ध शब्द, बुकिंग आणि नोंदवहीत बोलीतले. आजारांच्या प्रश्नावलीला मात्र आम्ही हातच लावला नाही. ती डायव्हिंग संस्थांनी ठरवून दिलेल्या छापील फॉर्मवरच भरायची आणि तिची उत्तरं आमच्या सर्व्हरवर साठवायची नाहीत. ओमानचा वैयक्तिक माहितीचा कायदा २०२२ चा आहे आणि आरोग्याची माहिती त्यात नाजूक धरली जाते. जे साठवलंच नाही ते सांभाळावंही लागत नाही.

भाषांतर वाचताना एक गंमत: हंगामाला अरबीत मौसिम. आपला मोसम तिथलाच. दक्षिण ओमानातल्या सलालाकडच्या पावसाळ्याला इथे खरीफ म्हणतात, तो आपला खरीप.

६ डिसेंबर

'तुमचे ५ डाइव्ह' हे वाक्य. मराठीत एक डुबकी, बाकी सगळ्या डुबक्या, विषय संपला. अरबीत एकाला गौसा, दोनला गौसतैन, तीन ते दहाला गौसात, अकरापासून परत गौसा. शंभरच्या पुढे १०३ ते ११० ला पुन्हा गौसात. भाषांतराच्या लायब्ररीत अरबीसाठी सहा रूपांची सोय असते: शून्य, एक, दोन, थोडे, पुष्कळ, इतर. मी सगळीकडे आकडा आणि पुढे शब्द असं चिकटवलं होतं. अशी ३१ वाक्यं निघाली, प्रत्येकाची सहा रूपं, म्हणजे १८६. उस्ताजांनी ती एका बैठकीत लिहून दिली आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, "हे शाळेत रोजच करते."

टेस्टसाठी ०, १, २, ३, १०, ११, ९९, १००, १०३ एवढे आकडे पुरतात.

१५ डिसेंबर, शुक्रवार

बोटीवर पहिली चाचणी. बंदर खैरान. (बंदर म्हणजे बंदरच, भाषांतर नको.) अल मुनस्सिरवर डाइव्ह: ओमानच्या नौदलाचं ८४ मीटर लांबीचं जहाज, २००३ साली मुद्दाम बुडवलेलं, तळ तीस मीटरवर. माशांची इतकी दाटी की जहाज तुकड्या-तुकड्यांनीच दिसतं. पण मी कामावर होते.

जे बिघडलं ते असं:

साइटच्या माहितीत खोली '१८-३०' लिहिली होती, अरबी पानावर ती '३०-१८' दिसली. अक्षरं उजवीकडून येतात, आकडा स्वतः डावीकडून वाचतात, आणि मधल्या आडव्या रेघेने कुणाच्या बाजूला जायचं हे आधीच्या अक्षरावर ठरतं. अरबी अक्षरामागून आलेले दोन आकडे रेघेने जोडले की त्यांच्या जागा बदलतात. ही चूक नाही, युनिकोडचा (सगळ्या लिप्यांसाठीच्या संगणकी मानकाचा) नियमच तसा आहे. फोन नंबरातलं अधिकचं चिन्ह शेवटी गेलं. आणि अक्षांश-रेखांश! '२३.६, ५८.५' च्या जागी पडद्यावर '५८.५, २३.६'. डाइव्हमास्टरने (डाइव्हला गट घेऊन जाणाऱ्याने) बघून बघून फोनच्या नकाशात टाइप केलं आणि मस्कतऐवजी एस्टोनियाच्या किनाऱ्यावर पोचला.

आणीबाणीचा नंबर तेवढा शाबूत होता, कारण तो ९९९९ आहे. उलटा वाचला तरी तोच.

काँप्रेसरवर सिलिंडर भरणारे काका वेंगुर्ल्याचे. त्यांना अरबी येत नाही, पण त्यांनीच पहिल्यांदा बघितलं: "गो बाय, ह्यो आकडो उलटो कित्याक दिसता?" मी म्हटलं, काका, फोन उलटा धरला असेल. तो सरळच होता.

आणखी दोन गोष्टी, भाषेशी संबंध नसलेल्या. ओल्या बोटांना फोन दाद देत नाही, त्यामुळे बटणं मोठी आणि कमी हवीत. उन्हात फिका राखाडी मजकूर दिसतच नाही. ऑफिसात सुंदर दिसणारी रंगसंगती घरी आल्या आल्या काढून टाकली.

१८ ते २२ डिसेंबर

पाच दिवस फक्त आकडे. काय केलं ते सविस्तर लिहिते, कारण हे कुठे एका जागी सापडलं नाही.

एक, पानावरच्या प्रत्येक आकड्याला, युनिटला आणि नंबरला बीडीआय टॅगमध्ये गुंडाळलं, म्हणजे आजूबाजूच्या अरबीचा त्यावर परिणाम होत नाही. फोन नंबर आणि अक्षांश-रेखांशांना शिवाय डावीकडून उजवीकडे अशी दिशा ठोकून दिली.

दोन, खोलीसाठी रेघ वापरणंच बंद. 'पाच ते अठरा' असं शब्दात, अरबीत 'मिन' आणि 'इला' घालून. रेघेची कितीही समजूत काढली तरी वाचणारा ती कुठल्या बाजूने वाचेल याचा भरवसा नाही. अठरा मीटरपर्यंतचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाने ही ओळ नीट वाचायला हवी, इथे जुगार नको.

तीन, एसएमएसमध्ये टॅग चालत नाहीत. तिथे युनिकोडची अदृश्य चिन्हं घालून बघितली. नव्या फोनवर ठीक, दोन जुन्या फोनवर चौकोन. शेवटी वाक्यच बदललं: आकडा स्वतंत्र ओळीवर, एकटा. एकट्या आकड्याला कुणी उलटवत नाही. एसएमएसचं आणखी एक: इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, अरबीत ७०. आमचा लाडका लांबलचक आठवणीचा मेसेज तीन मेसेजांच्या भावात जात होता. कापून एकात बसवला.

चार, डाइव्हचा आलेख. वेळ आडवी, खोली खाली. अरबीत वेळ उजवीकडून सुरू व्हावी का? मी दोन्ही काढून दाखवले. सगळ्यांनी डावीकडून सुरू होणारा निवडला, परत तेच कारण, मनगटावरचा कॉम्प्युटर तसाच काढतो. माझं मत आधी उलटं होतं.

या आठवड्यात आणखी एक निर्णय झाला आणि तो नोव्हेंबरात व्हायला हवा होता: यापुढे प्रत्येक नवं पान आधी अरबीत बांधायचं, मग इंग्रजीत. अरबीत नीट बसलेलं पान इंग्रजीत आपोआप बसतं. उलट दिशेने प्रत्येक वेळी डागडुजी करावी लागते.

५ जानेवारी २०२४

फॉर्म. इथे 'जे लिहील ते स्वीकारायचं' याची किंमत कळली.

एका मुलाने नोंदवहीत कमाल खोली लिहिली, सेव्ह केली, आणि त्याचा डाइव्ह शून्य मीटरचा झाला. त्याने अरबी कीबोर्डवर अरबी आकडे टाइप केले होते. आमच्या फॉर्मला ते आकडे वाटले नाहीत, त्याने रिकामं पाठवलं, आणि माझ्या कोडने रिकाम्याचं शून्य केलं. रिकाम्याचं शून्य करणारी ओळ माझीच, तारखेसकट सापडली.

नंबरचा खास इनपुट काढून साधा मजकुराचा ठेवला, फोनला फक्त आकड्यांचा कीपॅड दाखवायला सांगितला आणि रूपांतर स्वतः केलं. अरबी आकडे, आणि फारसी आकडे वेगळे. दिसायला बरेचसे सारखे, पण आतले कोड निराळे, आणि फारसी कीबोर्ड वापरणारे दोघे बोटीवरच निघाले. दशांशासाठी अरबीचं वेगळं चिन्ह आहे, पण लोक टिंबही वापरतात, इंग्रजी स्वल्पविरामही आणि अरबी उलटा स्वल्पविरामही. चारही घेते. वाचता आलं नाही तर सेव्ह न करता परत विचारते. शून्य कधीच नाही.

नावांचंही इथेच. 'पहिलं नाव, आडनाव' या दोन चौकटींत ओमानी नाव बसत नाही: स्वतःचं, बिन, वडिलांचं, कधी आजोबांचं, मग कुळाचं. ओळखपत्रावर असेल तसं पूर्ण नाव, एकाच चौकटीत, दोन्ही लिप्यांत. यादी लावताना 'अल' वगळून लावली, नाहीतर अर्धं मस्कत अलिफखाली, म्हणजे अरबीच्या पहिल्याच अक्षराखाली, जमा होत होतं.

शोधाच्या चौकटीचंही असंच. अलिफची चार रूपं लोक एकाच जागी टाइप करतात, शेवटच्या 'ता'चा 'हा' करतात. ती रूपं शोधण्याआधी एक करावी लागतात. इंग्रजीत दायमानियातचीच स्पेलिंग आम्हाला रजिस्टरमध्ये पाच सापडली. ती सरळ टोपणनावांच्या यादीत घातली. इथे हुशार प्रोग्राम लिहिण्यात एक दिवस घालवला होता, तो वाया. यादी वीस मिनिटांत झाली.

आठ आठवडे संपून गेले आहेत. मालकांनी विचारलं नाही, मी सांगितलं. "इन्शाल्ला" म्हणाले. त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला नाही.

२६ जानेवारी

आतापर्यंतची सगळ्यात महाग चूक.

ओमानी रियालचे १,००० बैसा होतात. दशांशानंतर तीन आकडे. पेमेंट गेटवेला (कार्डावरून पैसे घेणाऱ्या सेवेला) रक्कम सगळ्यात लहान नाण्यात पाठवायची असते. रुपया-पैशाची सवय असलेल्या माझ्या हाताने शंभराने गुणलं. ३५ रियालचे ३,५०० झाले, गेटवेने ते बैसा धरले आणि कार्डावरून साडेतीन रियाल गेले.

टेस्टने का नाही पकडलं? कारण टेस्टमध्येही मीच शंभराने गुणून तुलना केली होती. चुकीचा आकडा चुकीच्या आकड्याशी तंतोतंत जुळला.

मोजक्या लोकांसाठी चाचणी चालू होती, त्यात सात बुकिंग झाली होती. सहा जणांनी काउंटरवर उरलेले पैसे दिले, एक पर्यटक मायदेशी परतला होता. ३१ रियाल ५०० बैसा गेले, ते मी माझ्या बिलातून वजा केले. मालक नको म्हणाले, पण मला झोप लागली नसती.

आता सगळीकडे रक्कम पूर्णांकात, बैसांत साठवते, आणि दाखवताना तीन दशांश. कर ५ टक्के आहे, ३३.५०० वर तो १.६७५ होतो. दोन दशांशांवर तोडला की महिनाअखेरीस अकाउंटंटचा हिशेब जुळत नाही. हेही त्यांनीच दाखवून दिलं.

आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार हेही कॅलेंडरला सांगावं लागलं. सुट्टीच्या दिवसाचा दर रविवारी लागत होता आणि शुक्रवारी, जेव्हा बोट खचाखच भरते, तेव्हा नाही.

१६ फेब्रुवारी

डाइव्ह कॉम्प्युटरवरून नोंदी आयात. यूडीडीएफ ही अशा नोंदी साठवायची एक्सएमएलमधली खुली पद्धत आहे. सबसर्फेस या मोफत प्रोग्रामने (लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने २०११ मध्ये सुरू केलेला, तोही डायव्हर) बहुतेक कॉम्प्युटरमधून फाइल काढता येते. वाटलं, दोन दिवसांचं काम.

कॉम्प्युटर स्थानिक वेळ लिहितो, पण कुठल्या गावची ते लिहीत नाही. माझ्या सर्व्हरने ती ग्रीनिचची धरली आणि दाखवताना चार तास वाढवले. सकाळी नऊचा डाइव्ह दुपारी एकला. हाताने लिहिलेल्या नोंदी मात्र बरोबर. दोन्ही प्रकार एकाच दिवशी आले तेव्हा दोन डाइव्हमधली विश्रांती उणे दोन तास निघाली. एका बाईंनी शांतपणे कळवलं, की ॲपच्या मते मी पहिल्या डाइव्हमधून वर येण्याआधीच दुसऱ्यात उतरले.

हे हसून सोडण्यासारखं नाही. विमानप्रवासाआधी किती थांबायचं ते ॲप शेवटच्या डाइव्हवरून दाखवतं: एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त असतील तर १८. वेळ चार तास सरकली तर तो आकडाही सरकतो. आता आयात करताना डाइव्ह कुठल्या साइटवर झाला ते आधी विचारतो आणि साइटवरून वेळेचा पट्टा ठरतो. शिवाय त्या सूचनेखाली, दोन्ही भाषांत, गणित कुठल्या वेळेपासून केलं ते उघड दाखवतो. चुकलं तर माणसाला दिसावं.

आठ दिवस गेले.

१२ मार्च, रमजानचा पहिला दिवस

बोटी कमी, काम शांत. साठलेल्या बारीकसारीक गोष्टी काढल्या.

बोटीवरच्या माणसांची अरबी यादी पीडीएफमध्ये हवी होती. पहिली प्रत मालकांनी डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाले, ही अक्षरं आमचीच आहेत, पण शब्द कुणाचे? अरबी अक्षरं जागेप्रमाणे रूप बदलतात आणि एकमेकांना जोडली जातात. पीडीएफच्या लायब्ररीला ते येत नव्हतं, त्यामुळे सगळी सुटी आणि वर उलट्या क्रमाने. मस्कतचं 'त क स म' होईल तसं. मराठी पीडीएफमध्ये पाय मोडलेली जोडाक्षरं ज्यांनी बघितली आहेत त्यांना ही कळ ठाऊक आहे. लायब्ररी दुरुस्त करण्यात तीन दिवस घालवले, मग सोडलं. आता तेच पान सर्व्हरवरच्या क्रोमियम ब्राउझरकडून छापून घेते. ब्राउझरला अरबी येतं. थोडं हळू चालतं, चालू दे.

शीर्षकांना अक्षरांमध्ये थोडं अंतर दिलं होतं, इंग्रजीत छान दिसतं. अरबीत त्याने जोड तुटतात, देवनागरीत शिरोरेषा तुटते तशा. अरबीसाठी काढलं. त्याच मापाचा अरबी फाँट बारीक दिसतो, म्हणून दोन पॉइंट मोठा, ओळींमध्ये जास्त जागा.

मे ते ऑक्टोबर दायमानियात बेटांवर उतरायला बंदी असते, कासवं अंडी घालतात. डाइव्ह करता येतो, किनाऱ्यावर पाय ठेवता येत नाही. बुकिंगमध्ये 'बेटावर जेवण' हा पर्याय त्या महिन्यांत आता दिसतच नाही. आधी दिसत होता आणि खाली बारीक अक्षरात सूचना होती. बारीक अक्षरं कुणी वाचत नाही, कुठल्याच भाषेत.

१९ एप्रिल, शुक्रवार

गेल्या काही दिवसांतल्या पावसाने सगळं थांबलं होतं. वादींना (एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यांना) पूर, बोटी बांधलेल्या. आज पाणी गढूळ, पण समुद्र शांत. चाचणी संपवून सगळ्यांसाठी ॲप सुरू केलं. पहिल्या दिवशी १४ बुकिंग, त्यातली नऊ अरबी पानावरून. अरबीतून एवढी येतील असं मला तरी वाटलं नव्हतं. मालकांना वाटलं होतं.

बोट किनाऱ्यापासून लांब गेली की नेटवर्क जातं. नोंदी फोनवरच साठतात आणि परत आल्यावर चढतात, हे जानेवारीपासून चालत होतं म्हणून त्याबद्दल लिहिलं नाही. आज तेच एकमेव काम होतं ज्यात काही बिघडलं नाही.

एकूण: साडेपाच महिने, ठरले होते दोन. भाषांतराचे १२६ रियाल, सर्व्हर महिना ९, एसएमएस आतापर्यंत ४१, माझ्या चुकीचे ३१.५००. माझे दिवस मोजले तर बजेट दुप्पट झालं असतं, म्हणून मोजले नाहीत.

३ मे

वाटलं होतं आता फक्त देखभाल. सकाळी डाइव्हमास्टरचा फोन: सिलिंडरच्या नोंदीत कालपासून दाब येतच नाही, ॲप सारखं 'आकडा कळला नाही, पुन्हा लिहा' म्हणतंय. काकांनी शेवटी वैतागून खडूने सिलिंडरवरच लिहून ठेवलंय.

काँप्रेसरच्या खोलीत गेले. अरबी आकडे तपासले, फारसी तपासले, दशांशाची चारही चिन्हं तपासली. सगळं बरोबर. मग काकांना म्हटलं, माझ्यासमोर टाका बघू. काकांनी चष्मा चढवला आणि टाइप केलं: २०५.

देवनागरीत. नातवाने फोनवर मराठी कीबोर्ड घालून दिलाय, कालच. खडूने लिहिलेलंही तसंच होतं, माझ्या नाकासमोर, आणि मी ते नुसतं वाचून पुढे गेले होते.

दहा आकड्यांची तिसरी ओळ कोडमध्ये घातली. चार मिनिटं लागली. टेस्टमध्ये पहिला आकडा २०५ ठेवला आहे.